समुद्रकाठच्या खानावळीत भेटलेले सोयाबीन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एकीने काहीतरी बोलायचे, असा आपला शिरस्ता आहे. मागे कोणी काशीयात्रेवर बोलल्या, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई आमच्याकडे आल्या, चहा घेतला, आणि निघताना उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही गोव्याला जाऊन आलात ना, मग तुम्हीच बोला." त्यांची कल्पना अशी की, मी मंगेशी आणि शांतादुर्गा यांचे वर्णन करीन. ती देवळे मी पाहिली, दीपमाळाही पाहिल्या. पण मला बोलायचे आहे ते कळंगुटच्या बाजूला असलेल्या एका खानावळीबद्दल, आणि ती खानावळ आहे कोरियन. पुढच्या रांगेतल्या मुली आत्ताच एकमेकींना ढोसू लागल्या आहेत. त्यांना कोरियाची माहिती माझ्यापेक्षा जास्त असणार. आमच्या घरी नात दिवसभर मोबाइलवर कोरियन मालिका पाहते आणि आपल्या बापाला 'अप्पा' म्हणते. मला वाटले, वा, पोरीला जुने वळण लागले! मग कळले की, कोरियन भाषेतही बापाला 'अप्पा'च म्हणतात.

माझ्या पिढीला कोरिया ठाऊक होता तो लढाईमुळे. आमचे वडील सांगत की, लढाई थांबल्यावर १९५३ साली तिथल्या युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली होती आणि तिचे सेनापती आपले कोल्हापूरकडचे थोरात होते. त्या देशात लोक जेवतात काय, हा प्रश्न मात्र आमच्या घरात कोणालाच पडला नाही.

आता मी तिथे गेले कशी, ते सांगते. दारव्हे तालुक्यात माझे माहेर. थोरले दादा कोरडवाहू आठ एकर करतात. कापूस, तूर आणि सोयाबीन, जे आपल्या सबंध जिल्ह्यात होते तेच. त्यांची धाकटी मुलगी नागपूरला हॉटेलच्या धंद्याचे शिक्षण घेऊन गोव्याला नोकरीला लागली. पुढे तिला एक बरे स्थळ सांगून आले. मुलगा नोकरीचा, घरचे शेत ओलिताचे. त्यांची एकच अट होती, मुलीने ती हॉटेलातली नोकरी सोडून घरी यावे. मुलगी फोनवर नीट उत्तर देईना. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचं ऐकंल ते. तुम्हीच जाऊन घेऊन या तिले." तेव्हा २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपून, बडनेऱ्याला मडगावची गाडी धरली. सोबत तिळाच्या वड्या, ठेच्याची बाटली आणि मनाशी जुळवलेले भाषण. खरे सांगायचे तर मलाही त्या नोकरीची लाजच वाटत होती. आपल्या घरची मुलगी आणि परक्यांची उष्टी उचलते, हे कोणाला सांगायचे?

भाचीची खोली गावात, नोकरी समुद्राच्या बाजूला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आत्या, मला सुट्टी नाही. तूच दुपारी तिकडे ये, जेव, आणि मग काय बोलायचं ते बोल."

तो रस्ता म्हणजे आपल्याकडची घाटंजीची यात्रा रोजच भरलेली समजा. भाड्याच्या स्कूटरी, टोप्या, काजूची दुकाने, अंगाला वाळू चिकटलेली माणसे. खानावळ त्या गर्दीपासून चार पावले आत. दहा-बारा टेबले, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात झाडांच्या कुंड्या, आणि कोरियन गाणी लागलेली. कोणी अर्धी चड्डी घालून आलेले, कोणाचे केस अजून ओले, एका बाईचे लहान मूल टेबलाखाली झोपलेले. दाराशी एका पाटीवर आपले नाव लिहून उभे राहायचे आणि नावाचा पुकारा झाला की आत जायचे. पुण्याची मुले होती, बेंगळूरची होती. पुण्याकडे रांजणगाव, तळेगाव भागात कोरियन कारखाने आल्यापासून तिथे अशा खानावळी बऱ्याच झाल्या आहेत, तेव्हा ती पोरे सराईतासारखी लोखंडी काड्यांनी जेवत होती. शेजारच्या टेबलावर एक गुजराती कुटुंब होते. त्यातले आजोबा वाढणाऱ्या मुलाला विचारीत होते की, कांदा-लसणाशिवाय काही मिळेल का. मला वाटले, आता यांची फजिती होते. पण तो मुलगा गोंधळला नाही. कोरियातल्या बुद्धमंदिरांतून भिक्षू आणि भिक्षुणी मांस-मासळी तर सोडाच, पण कांदा, लसूणही वर्ज्य करतात, आणि त्या जेवणाचा तिथे मोठा मान आहे. म्हणजे आपला चातुर्मास त्यांना बाराही महिने. आजोबांचे छान जेवण झाले.

माझ्यापुढे भाचीने एक लोखंडी वाडगा ठेवला. त्यात भात, त्यावर पालक, गाजर, काकडी, अळिंबी असे रंगारंगाचे ढीग लावलेले आणि मध्ये लाल चटणीचा गोळा. याला म्हणतात बिबिमबाप. सगळे चमच्याने नीट कालवायचे आणि मग खायचे. इतके सुबक मांडलेले विस्कटायला माझा हात धजेना. पण गोपाळकाला तरी दुसरे काय असते? वाडग्याभोवती सहा-सात इवल्या वाट्या, त्यांत वेगवेगळे तोंडीलावणे. त्या वाट्यांना बानचान म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे नाहीत आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. आपल्या पानाची डावी बाजूच ती. आणि मधोमध उकळते कालवण, सगळ्यांत मिळून एक. त्यांच्या घरी त्यात सगळे आपापला चमचा बुडवतात म्हणे. ते ऐकून माझा चेहरा कसा झाला असेल, तो तुम्ही डोळ्यांपुढे आणा. भाचीने न बोलता पळी आणून ठेवली.

किमची मात्र मला परकी वाटली नाही. कोबीच्या जातीची लांबट भाजी मिठात मुरवून तिला लसूण, आले, लाल तिखट चोळून आंबवायची. बहुतेक ठिकाणी तिच्यात खारवलेली मासळी असते, मला दिली ती बिनमासळीची होती. कोरियात थंडीच्या तोंडाशी आळीतल्या बायका एकत्र जमतात, शेकडो गड्डे चिरतात, चोळतात, आणि घरोघर वाटून घेतात. या जमण्याला किमजांग म्हणतात आणि २०१३ साली युनेस्कोने त्याची जगाचा वारसा म्हणून नोंद केली. मी भाचीला म्हटले, अगं, मग चैत्र-वैशाखात आपल्या गच्चीवर कुरडया घालतात त्याची नोंद कोणी घेतली? जात्यावरचा चीक शिजवण्यापासून कावळे हाकण्यापर्यंत सारे तसेच तर आहे. ती म्हणाली, "आत्या, नोंद घ्यायची तर आधी कोणीतरी सांगावं लागतं."

तिखटाची गंमत तर पुढेच आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि त्यांच्याच जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली. कोरियात ती त्याच शतकाच्या अखेरीस पोहोचली असे मानतात. त्याआधी त्यांची किमची पांढरी होती आणि आपला ठेचा होताच कुठे? आज भिवापुरी मिरचीवाचून आपल्याला घास गिळत नाही आणि गोचुजांग नावाच्या त्या लाल चटणीवाचून त्यांना. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर बसून कोरियन तिखट खाणारी वऱ्हाडी बाई, हे दिसते तितके विचित्र नाही.

त्या वाट्यांपैकी एकीत पिवळ्या डोक्यांचे, लांब पांढऱ्या शेपटीचे काहीतरी होते. तिळाचे तेल लावलेले, करकरीत. मी विचारले, "हे कशाचे मोड?"

"ओळख."

मी मटकी म्हटले, वाटाणा म्हटले. ती हसायला लागली. "आत्या, सोयाबीन आहे ते."

भगिनींनो, मला त्या वेळी फार ओशाळे वाटले. तीस वर्षे माझ्या माहेरी आणि सासरी सोयाबीन पेरले जाते. मी ते निंदले आहे, सोंगले आहे, मळणी यंत्रापुढे उभी राहून त्याची धूळ खाल्ली आहे. पोत्यांच्या थप्पीवर बसून पोरांना पाढे शिकवले आहेत. आणि ते मोड येऊन वाटीत समोर आले तर मला ओळखता आले नाही, कारण वाटीत ते मी कधी पाहिलेच नव्हते. मग भाचीने एकेक वाटी दाखवायला सुरुवात केली. भातावरचे पनीरासारखे पांढरे तुकडे म्हणजे टोफू, तो सोयाबीनच्या दुधाचा. कालवणाला दाटपणा आणि वास देणारे देनजांग, ते आंबवलेल्या सोयाबीनचे. पालकाला लावलेले काळे पाणी कांजांग, तेही सोयाबीनचे. लाल चटणीत आंबवलेल्या सोयाबीनचे पीठ. देनजांगचे डबे कोरियाहून येत, पण मोड आणि टोफू आपल्याच देशातल्या दाण्याचे होते.

गर्दी ओसरल्यावर मालकीणबाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, कोरियन, चार-सहा कोंकणी शब्द शिकलेल्या. माझी तिळाची वडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. थोरल्या माणसाकडून काही घ्यायचे ते दोन्ही हातांनी, ही त्यांची रीत. भाचीला मध्ये घालून त्यांनी विचारले, "तुमच्या गावाला सोयाबीन पिकतं म्हणे. तुम्ही त्याचं काय करता?"

मी म्हणाले, "विकतो."

"सगळं?"

"सगळं."

"मग खाता काय?"

मी म्हणाले, "तूर." त्या मान हलवून आत गेल्या. त्यांनी नुसते विचारले होते, टोमणा काही मारला नव्हता. पण खोलीवर आल्यावर रात्रभर मला तेच आठवत होते.

आपल्याकडे पूर्वी खरिपात ज्वारी होती, मूग होता, उडीद होता. ज्वारी कणगीत पडे, कडबा गोठ्यात जाई, मूग-उडदाचे वडे, पापड, सांडगे होत. दाणा घरात आला की त्याची किल्ली बाईकडे. किती ठेवायचा, किती दळायचा, कोणत्या विधवा नणंदेला पायली द्यायची, ते ती ठरवी. नव्वदीनंतर सोयाबीन पसरले. त्यात शेतकऱ्याची काही चूक नाही. शंभर-एक दिवसांत पीक हातात, दिवाळीच्या आधी रोकड, आणि पाठोपाठ हरभऱ्याला रान मोकळे. दादा तर 'तीनशे पस्तीस'च्या बियाण्याला लक्ष्मीच म्हणत. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा तो वाण. पण हे पीक शेतातून निघते ते थेट बाजार समितीत जाते. मधल्या वाटेवर घर लागतच नाही. बाजारातून ते तेलाच्या कारखान्यात जाते. शंभर किलो दाण्याचे अठरा-एक किलो तेल निघते, उरलेल्या ऐंशीची पेंड होऊन ती कोंबड्यांना, गुरांना जाते. तेल आपण पाकिटातून परत विकत आणतो. ज्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने आहेत, तुरीच्या जवळजवळ दुप्पट, तो पिकवणाऱ्या घरातली मुले रक्त कमी म्हणून दवाखान्यात रांगेत उभी राहतात. कणगी गेली, तिच्याबरोबर बाईच्या हातातले माप गेले, आणि आम्हाला ते कळलेही नाही. भाव पडला की पुरुष आणि बाजार यांचे ते दुखणे, आपण फक्त उसासे टाकायचे. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि दादांनी दिवाळीत माल घातला तो ४,१०० ने. म्हणजे किलोला ४१ रुपये. त्या खानावळीत देनजांगच्या कालवणाचा वाडगा साडेतीनशेला होता.

यावर कोणी म्हणेल, सोयाबीन काय आपले अन्न आहे का? नाही, हे मलाही मान्य आहे. ते वरणासारखे मऊ होत नाही आणि त्याला एक उग्र वास येतो. पण प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इथून हाकेच्या अंतरावर, वर्ध्याला मगनवाडीत, गांधीजींनी १९३५ साली आश्रमाच्या जेवणात सोयाबीन सुरू करून पाहिले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. बडोदे संस्थानात त्याच सुमारास काळे नावाच्या अधिकाऱ्यांनी सोयाबीनवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या वेळी आपल्याकडे पीक नव्हते, नुसता उपदेश होता. आता पीक आहे तर उपदेश करायला कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला खानावळीच्या स्वयंपाकघरात नेले. तिथे तिच्याबरोबर मणिपूरची एक मुलगी काम करते. दोघी एका खोलीत राहतात. तिने सांगितले की, तिची आई घरी सोयाबीन शिजवून, पानात गुंडाळून, उबेत दोन-तीन दिवस ठेवते आणि त्याचे हवाइजार करते. नागा लोकही त्याच जातीचे अखुनी करतात. म्हणजे आपल्याच देशात ही विद्या आहे. ती मुलगी म्हणाली, "कोरियन जेवण मला पहिल्या दिवशीच घरचं वाटलं." आणि माझी भाची, जिच्या घरी सोयाबीनच्या थप्प्या, तिला ते इथे येऊन शिकावे लागले.

शिकली मात्र खरे. मालकीणबाई दर थंडीत घरच्यापुरते देनजांग स्वतः घालतात आणि ते काम त्यांनी तिच्यावर सोपवले होते. मागच्या पडवीत तिने मला दाखवले. सोयाबीन रात्रभर भिजवून पाच-सहा तास शिजवतात, बोटात चिरडेपर्यंत. मग कुटून त्याच्या विटा पाडतात. या विटांना मेजू म्हणतात. त्या भाताच्या पेंढ्यात बांधून महिना-दीड महिना टांगून ठेवायच्या. पेंढ्यातले सूक्ष्म जंतूच त्या आंबवतात. नंतर ऊन दाखवून, धुऊन, मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडायच्या. वर दोन सुक्या लाल मिरच्या आणि कोळशाचा तुकडा तरंगत ठेवायचा. चाळीस ते साठ दिवसांनी पाणी गाळले की ते कांजांग आणि खाली राहिला लगदा तो देनजांग. पूर्वी त्यांच्या गावी रांजणाला पेंढ्याची दोरी बांधून तीत मिरच्या आणि कोळसे खोवत, दृष्ट लागू नये म्हणून. आपण लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतो आणि विटाळाच्या हाताने शिवू देत नाही, तेच. या जांग घालण्याच्या विद्येचीही युनेस्कोने २०२४ च्या डिसेंबरात नोंद केली, मी तिथे जाण्याच्या महिनाभर आधी. मालकीणबाईंनी तो कागद भिंतीला लावला होता.

भाची ते सारे सांगत असता तिच्या हाताकडे माझे लक्ष होते. विटेला दाबून पाहत होती, वास घेत होती, एक वीट उलटी टांगली होती ती सुलटी केली. आमची आई पापडाच्या लाट्या अशाच चाचपून पाही. मला माझे भाषण आठवत होते, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. शेवटी म्हटले, "हे सगळं ठीक आहे. पण लोक काय म्हणतात, हॉटेलात काम करते."

ती म्हणाली, "आत्या, मी दुसऱ्याच्या वावरात रोजानं निंदायला गेले असते तर त्यांना चाललं असतं का?"

"तेही नसतं चाललं."

"मग काय चालतं? घरी बसलेली?" आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "गेल्या पेरणीचं बी आणि खत माझ्या पगारातून आलं. बाबांनी तुला सांगितलं का?"

दादांनी सांगितले नव्हते. वहिनीलाही ठाऊक होते की नाही कोण जाणे. दादा गेल्या मृगात मला म्हणाले होते, कोणाकडून तरी उसने मिळाले. तो कोणीतरी म्हणजे ही पोर, हे त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. आपल्या जिल्ह्यात उसन्याचा अर्थ काय होतो आणि तो फिटला नाही की घरात काय होते, ते या सभेत मी सांगायला नको. कोणाच्या ना कोणाच्या माहेरी ते झालेले आहे.

मी जुळवलेले भाषण तसेच परत घेऊन आले. गाडीत बसताना तिने मला देनजांगची एक बाटली दिली आणि सांगितले, "आईला दे, पण वास घेऊ देऊ नकोस. आधी खायला घाल."

माहेरी पोहोचले तेव्हा सगळे ओटीवर वाट पाहत होते. मी एकटी उतरले हे पाहून वहिनीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. रात्री दादांना मी एवढेच विचारले की, बियाण्याचे पैसे कोणी दिले ते त्या मुलाकडच्यांना सांगू का. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "नको. मीच सांगतो." त्यांनी सांगितले आणि स्थळ मोडले. मुलाकडच्यांना मुलगी कमावती हवी होती, पण बापाला देणारी नको होती. वहिनी अजून माझ्याशी तुटक बोलते. तिचेही खोटे नाही. पोरीचे वय थांबत नाही, आणि मी दुसरे स्थळ अजून आणून दिलेले नाही.

त्या बाटलीतले देनजांग मी वांग्याच्या भाजीत चमचाभर घातले. घरात कोणी ओळखले नाही. आमचे 'हे' फक्त म्हणाले, आज खोबरे जास्त घातले काय.

मग मला हाव सुटली. फेब्रुवारीत मी स्वतः मेजू घालायला बसले. दोन किलो सोयाबीन शिजवले, उखळात कुटले, विटा पाडल्या. आपल्याकडे भाताचा पेंढा कुठला? झाडीपट्टीतून येणाऱ्या एका बाईकडून मागवला. पण फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऊन चढायला लागते, हे मी विसरले. आठवड्यात विटा बाहेरून टणक झाल्या, आत ओल राहिली, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावर काळी बुरशी आली. घरभर असा वास सुटला की, शेजारच्या वहिनी उंदीर मेला म्हणून शोधायला आल्या. सगळे उकिरड्यावर गेले. फोनवर भाचीने मोठ्या बहिणीसारखी माझी हजेरी घेतली. पांढरी, पिवळसर बुरशी चालते, काळी दिसली की टाकून द्यायचे. विटा लहान पाडायच्या, आणि थंडी धरूनच घालायच्या. दुसरी खेप मार्गशीर्षात घातली. त्या सहा विटा आज आमच्या मागच्या पडवीत टांगलेल्या आहेत. पांढऱ्या पडल्या आहेत. वास येतो, पण शेजारी आता उंदीर शोधत नाहीत.

पण महिनोन् महिने आंबवणे सगळ्यांना जमणार नाही, ते मला कळते. मोड काढणे मात्र कोणालाही जमेल. दाणा घरचा घ्यावा, पेरणीसाठी औषध चोळलेला मुळीच घेऊ नये. रात्रभर भिजवून फडक्यात बांधावा, दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडावे आणि उजेड लागू देऊ नये. मटकीपेक्षा वेळ जास्त लागतो, चार-पाच दिवस. एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोयाबीन कच्चे खाऊ नये, पचत नाही. त्यात प्रथिने पचू न देणारे एक द्रव्य असते, ते शिजवल्याने जाते. तेव्हा मोडही चांगले शिजवावेत. उग्र वास जायला शिजवताना पहिले पाणी फेकून द्यावे, मग लसणीची फोडणी.

२०२५ च्या खरिपात हमीभाव ५,३२८ झाला, पण पावसाने आपल्याकडचे पीक उभ्याउभ्या कुजवले, तेव्हा भावाचे कौतुक कोणाला? दादांना एकरी जे काही झाले त्यातून त्यांनी एक पोते बाजारात नेले नाही. घरात ठेवले. वहिनीने कुरकुर केली, पण पोत्याचे तोंड तिने स्वतः शिवले आणि पहिल्यासारखे माप वर ठेवले. ते पोते माझ्या डोळ्यांपुढे आहे म्हणून चिटणीसबाईंपुढे मी एक सूचना ठेवली आहे. आपल्या मंडळाचे पापड-मसाल्याचे काम चैत्रात सुरू होते, थंडीत हात रिकामे असतात. पुढच्या मार्गशीर्षात मंडळाच्या खोलीत दहा-वीस किलोचे मेजू घालून पाहावे. भाची रजा काढून चार दिवस येते म्हणाली आहे. तिच्या मालकीणबाईंनीही विचारले आहे की, चांगले झाले तर विकाल का. किती भावाने, ते मी अजून विचारलेले नाही. कार्यकारिणीत त्यावर मतभेद आहेत. कोषाध्यक्षबाईंना रांजणाचा खर्च जास्त वाटतो, आणि वासाबद्दल खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घ्यावी लागेल, हा त्यांचा मुद्दा अगदी रास्त आहे.

आता चहाची वेळ झाली. चहाबरोबर द्रोणात जी उसळ वाटली आहे, ती मटकीची म्हणून तुम्ही खात आहात. मागच्या रांगेतून दोघींनी दुसऱ्यांदा मागितलीही. ती दादांच्या पोत्यातली आहे. अजून पातेलेभर शिल्लक आहे, ज्यांना हवी त्यांनी द्रोण घेऊन आत या.